विजेचा ब्रश, हातानं चालवायचा

मुलांनो, तुमच्या आजीला दात कशानं घासायला आवडतात, हे तुम्ही तिला कधी विचारलंय का?

नाही ना? शाबास. चांगल्या घरातली मुलं असलं काही विचारत नाहीत. आजीचं भलं कशात आहे, हे आजी सोडून घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. तेव्हा आता मांडी घालून नीट बसा आणि गोष्ट ऐका.

एका जंगलात कालिंदी नावाची एक म्हातारी अस्वलीण राहत होती. रंगानं काळीभोर, छातीवर पांढरी चंद्रकोर आणि चालताना थोडी डावीकडे झुकणारी. तिच्या तोंडात पूर्वी पुष्कळ दात होते. आता थोडे उरले होते. एक अगदी पुढे होता, तो फक्त हसताना उपयोगी पडायचा. दोन-तीन असेच इकडे तिकडे होते, त्यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पण उजव्या बाजूला, पार आत, एक वरची दाढ आणि एक खालची दाढ अजून समोरासमोर उभ्या होत्या. तोंड मिटलं की त्या एकमेकींना बरोबर भेटायच्या. कालिंदीची सगळी मिजास त्या जोडीवर होती.

कारण त्या जोडीनं ती चारोळी फोडायची.

चाराचं झाड तुम्ही पाहिलंय का? नसेल पाहिलं. तुम्ही चारोळी श्रीखंडावर पाहता. तर उन्हाळ्यात त्या झाडाला काळी-जांभळी फळं लागतात. गर गोड असतो, पण गराच्या आत टणक बी असते आणि बीच्या आत चारोळी. कालिंदी बी दाढेखाली धरायची. कट् असा आवाज व्हायचा. मग ती डोळे मिटायची. नवरा गेला, भाऊ गेले, गुडघे गेले, पण दर उन्हाळ्यात तो कट् असा आवाज मात्र यायचा. तो आला की तिला वाटायचं, चला, आपण अजून आहोत.

त्या वर्षी चाराला मोहर आला, तेव्हा कालिंदीच्या उजव्या हिरडीला सूज आली. झालं होतं असं, की तिचा हात हल्ली थरथरायचा आणि ब्रशचा बारीक बांबूचा दांडा बोटांतून निसटायचा. मग दाढेच्या मागची जागा घासायची राहून जायची.

कालिंदीनं दोन दिवस विचार केला. मग पळसाच्या मुळं ठेचून त्यांचा वाख, म्हणजे दोऱ्यासारखे धागे, काढले, ते ओले करून मऊ केले आणि ब्रशच्या दांड्याला गुंडाळले. दांडा चांगला जाड झाला. आता तो मुठीत बसायचा. हात थरथरला तरी ब्रश पडायचा नाही. थोड्याच दिवसांत सूज उतरायला लागली.

इथं ही गोष्ट संपली असती, मुलांनो. पण कालिंदीला एक मुलगा होता.

त्याचं नाव धोंडू. धोंडूचं आईवर फार प्रेम होतं. इतकं, की आई बोलायला लागली तरी त्याला तिची काळजी वाटायची. एका सकाळी त्यानं आईला ओढ्यावर चूळ भरताना पाहिलं. पाण्यात रक्ताचा एक बारीकसा लाल धागा गेला.

"आई! रक्त!"

"अरे, हे काहीच नाही. आधी याहून जास्त यायचं. आता मी दांड्याला—"

"बोलू नकोस. हिरडीवर ताण येतो." धोंडूनं घराकडे तोंड करून हाक मारली, "मंजुळा, अगं बाहेर ये! आईच्या तोंडातून रक्त येतंय आणि ही म्हणते काहीच नाही!"

मंजुळा म्हणजे धोंडूची बायको. ती धावत आली. तिनं ब्रश हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "अगं बाई, या कसल्या चिंध्या गुंडाळल्यात याला! आई, लोक काय म्हणतील? सुनेनं सासूला ब्रशसुद्धा घेऊन दिला नाही म्हणतील."

"चिंध्या नाहीत गं, वाख आहे तो. मुद्दाम—"

"तुम्ही आता काही मुद्दाम करू नका. आम्ही आहोत ना."

आणि धोंडूनं जाहीर केलं, की आईला नवा ब्रश आणायचा.

आता त्या जंगलाची एक रीत होती, ती तुम्हाला सांगायला हवी. घरात नवी वस्तू आणायची ठरली, की त्याच दिवशी जुनी वस्तू नदीत सोडायची. एकाच कामाच्या दोन वस्तू एका घरात राहिल्या तर त्या रात्रभर भांडतात आणि घरच्यांची झोपमोड होते, असं तिथले सगळे मानायचे. नवी वस्तू येईपर्यंत तिसरंही काही वापरायचं नाही. नव्या वस्तूला राग येतो. फार शहाणी रीत होती. तिच्यामुळे नदी कधी रिकामी नसायची.

धोंडूनं ब्रशला हळदीचं बोट लावलं आणि नदीत सोडला. जाड दांड्याचा ब्रश डुलत डुलत निघाला. कालिंदी काठावर उभी राहून पाहत राहिली.

बोलणार कशी? मागे एकदा मंजुळेनं नवं सूप आणायचं म्हटलं, तेव्हा जुनं सूप नदीत सोडायला कालिंदीनंच लावलं होतं. नवं सूप मिळेपर्यंत अख्खा पावसाळा मंजुळेनं हातानं धान्य निवडलं होतं. "रीत म्हणजे रीत," असं तेव्हा कालिंदी म्हणाली होती. मंजुळा ते विसरली नव्हती.

दुपारी तिची मैत्रीण आली, साळू साळिंदरीण. साळूचे दात जन्मभर वाढतच राहायचे, त्यामुळे तिला दातांचं फार कौतुक नव्हतं.

"काय गं कालिंदे, तोंड असं का केलंयस? कुणी मेलं की काय?"

"ब्रश सोडला माझा नदीत."

"मग? संध्याकाळी माझ्याबरोबर खाली वळणापर्यंत फिरायला चल. बरं वाटेल."

"नको. तुझं फिरणं मला माहीत आहे. बाभळीची काडी तोडून देशील आणि म्हणशील, चाव गुपचूप. मी रीत मोडायची नाही, साळे. सुनेसमोर मोडायची तर नाहीच नाही."

"नको मोडूस बाई. बस घरी रीत सांभाळत. दाढा काय, येतील पुन्हा."

"तुझ्या येत असतील!"

"म्हणून तर म्हणते," साळू म्हणाली आणि काटे खुळखुळवत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी धोंडू आणि मंजुळा कालिंदीला घेऊन हुप्पेशेठच्या दुकानात गेले. हुप्पेशेठ वानर होते. वडाच्या मोठ्या फांदीवर त्यांचं दुकान होतं आणि गिऱ्हाइकानं खाली उभं राहून मान वर करायची, अशी सोय होती.

"हातानं घासायचे हे बघा," हुप्पेशेठ म्हणाले. "मऊ, मध्यम, कडक. वाकडे, सरळ. आणि खास ज्येष्ठांसाठी हवा असेल, तर हा घ्या. विजेवर चालतो. थोडा वेळ उन्हात ठेवायचा, पोटात वीज भरून घेतो. हात हलवायला नको. नुसता दाताला टेकवायचा."

त्यांनी कळ दाबली. ब्रश सुरू झाला.

गूंऽऽऽ.

कालिंदीचे कान उभे राहिले. जन्मभर हा आवाज तिनं झाडाच्या ढोलीतून ऐकला होता आणि दर वेळी त्या आवाजाच्या मागे मध होता. तिच्या तोंडाला पाणी सुटलं. तरुणपणीची सगळी पोळी तिला आठवली. डोळे भरून आले. तिनं दोन्ही पंजे पुढे केले आणि म्हणाली, "आण इकडे."

पण तोंडात पाणी होतं, त्यामुळे ते नीट ऐकू आलं नाही.

"अगं बाई, घाबरल्या!" मंजुळा ओरडली. "बघा, पंजे कसे थरथरतायत. डोळ्यांत पाणी आलं बिचाऱ्यांच्या."

"घाबरले नाही गं. मला तो—"

"बंद करा, शेठ, बंद करा!" धोंडू म्हणाला. "आई, असू दे, असू दे. गेला तो आवाज. मी आहे."

आवाज गेला. कालिंदीनं आवंढा गिळला.

"मग कुठला देऊ?" हुप्पेशेठनं विचारलं.

धोंडूनं डोकं खाजवलं. विजेचा घ्यावा, तर आई घाबरते. हाताचा घ्यावा, तर आईचा हात थरथरतो. फार अवघड प्रश्न होता. उत्तर त्याच्या शेजारीच उभं होतं, पण शेजारी पाहायला त्याला वेळ नव्हता.

"जाणकारांना विचारतो," तो म्हणाला.

त्या जंगलात दातांचे दोन जाणकार होते. पहिले डॉक्टर ठकठके. ते सुतारपक्षी होते. त्यांना स्वतःला एकही दात नव्हता, त्यामुळे त्यांचा सल्ला अगदी निःपक्षपाती समजला जाई. दुसरे सुळेराव रानडुक्कर. त्यांचे सुळे दोन्ही बाजूंनी बाहेर येऊन वर वळले होते आणि त्यांनी जन्मात कधी दात घासले नव्हते. तेही निःपक्षपातीच म्हणायचे.

डॉक्टर ठकठके म्हणाले, "विजेचाच. प्रश्नच नाही. पकड कमी झाली, की यंत्रानं काम करावं. बरं, तो आवाज ऐकलात का? त्या आवाजानंच निम्मा रोग पळतो."

सुळेराव म्हणाले, "हाताचाच! हाताला व्यायाम नको का? आज घासायला यंत्र आणाल, उद्या चावायला आणाल, परवा गिळायला आणाल. आपल्या आयाबायांना काय लाकडाचे ओंडके करायचंय?"

"तुम्ही कधी ब्रश धरलाय का?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुम्ही कधी दात पाहिलाय का आरशात?" सुळेरावांनी विचारलं.

तेव्हापासून जंगलात दोन पक्ष पडले. विजेवाले आणि हातवाले. सशांच्या बिळात भाऊ भावाशी बोलेना. विजेवाले दिसले की हातवाले मूठ दाखवायचे. हातवाले दिसले की विजेवाले गूंऽऽ करायचे. ज्यांना दात नव्हते अशा गांडुळांनीही एक मोर्चा काढला. त्यांचा पाठिंबा कुणाला होता, ते कळलं नाही, पण मोर्चा लांब होता. हुप्पेशेठ दोन्ही प्रकारचे ब्रश विकत होते, त्यामुळे ते दोन्ही पक्षांचे सल्लागार झाले.

आणि कालिंदी? तिला एवढा मान आयुष्यात कधी मिळाला नव्हता. दोन्ही पक्ष तिला आपल्या सभेत बोलवायचे आणि सगळ्यांत पुढच्या दगडावर बसवायचे. खांद्यावर शाल घालायचे. हातात नारळ द्यायचे. मग तोंड गोड करायचं म्हणून गुळाची चिक्की भरवायचे. कडक, दाताला चिकटणारी. नाही म्हटलं तर लोकांना वाईट वाटायचं. घरी येऊन चूळ भरली तरी चिक्की दाढेमागे तशीच राहायची, कारण घासायला काहीच नव्हतं.

तिकडे चाराचा मोहर गळून हिरवी फळं धरली. इकडे कालिंदीची हिरडी पुन्हा सुजली. आता तर खालची दाढ जिभेनं ढकलली की किंचित हलायची. कालिंदी सारखी ढकलून पाहायची. मग घाबरून जीभ मागे घ्यायची. खालची गेली, तर वरची एकटी काय करणार? एकट्या दाढेनं चारोळी फुटत नाही.

हातवाल्यांच्या सभेत सुळेराव दगडावर उभे राहून गरजले, "आमच्या मातेच्या हातातला ब्रश आम्ही कुणाला हिसकावू देणार नाही!"

टाळ्या पडल्या. कालिंदीनं आपल्या रिकाम्या पंजाकडे पाहिलं. मग तिला वाटलं, आता बोललंच पाहिजे. ती हळूच उठली आणि माईकपाशी गेली.

"मला एवढंच सांगायचंय, की माझा जुना—"

"कालिंदीबाई भावुक झाल्या आहेत," सुळेराव म्हणाले आणि माईक आपल्याकडे ओढला. "त्यांना जुने दिवस आठवले. टाळ्या!"

पुन्हा टाळ्या पडल्या.

विजेवाल्यांच्या सभेतही तिनं प्रयत्न केला. "मला तो आवाज ऐकून बरं—"

"बरं वाटत नाही म्हणतायत," डॉक्टर ठकठके म्हणाले. "पाहिलंत? हाताच्या ब्रशानं ही अवस्था केली. चिक्की आणा."

चिक्की आली. कालिंदीनं ती पुढच्या दातानं हळूच तोडायला घेतली आणि तो पुढचा दात, जो हसताना उपयोगी पडायचा, तो चिक्कीतच राहिला.

डॉक्टरांनी तो दात उंच धरून सगळ्यांना दाखवला. सभा फार यशस्वी झाली असं नंतर सगळे म्हणत होते.

कालिंदी शाल तिथंच ठेवून निघाली. घरी गेली नाही. नदीकाठानं चालत राहिली. तिला कुणी हाक मारली नाही, कारण आत ठराव मांडायचं काम सुरू झालं होतं.

वाटेत एका दगडावर साळू बसली होती.

"दात गेला?" साळूनं विचारलं.

"पुढचा."

"आतली जोडी?"

"आहे. पण खालची हलते." कालिंदी तिच्या शेजारी टेकली. "साळे, चाराची फळं पिकायला आलीत गं. या वर्षी नाही जमलं तर... मला नुसता गर चोखून बी थुंकायची नाही. ते मला जमणार नाही."

साळू उठली. "चल फिरायला."

या वेळी कालिंदी नाही म्हणाली नाही.

खाली नदीला एक मोठं वळण होतं. तिथं जांभळाची मुळं पाण्यात पसरलेली होती आणि वरून वाहून येणारं सगळं त्या मुळांत अडकायचं. तरुण प्राणी तिकडे कधी फिरकत नसत. नदीत सोडलं म्हणजे गेलं, असं त्यांना वाटायचं.

कालिंदीनं पाहिलं आणि ती जागच्या जागी थांबली.

वळणावर जंगलातले सगळे म्हातारे होते. म्हातारा लांडगा आपल्या जुन्या घोंगडीवर पाय पसरून बसला होता. ती त्याच्या मुलांनी केव्हाच नदीत सोडली होती. म्हातारी भेकरीण आपल्या जुन्या, पोचे पडलेल्या पातेल्यात कसलीशी पेज ढवळत होती. एक फार म्हातारं कासव उन्हातल्या खडकावर पसरलं होतं. त्याला सगळे आबा म्हणायचे.

"या, कालिंदीबाई," आबा म्हणाले. "उशीर केलात. तुमची वस्तू मागेच आली. ती पाहा, तिकडे, तिसऱ्या मुळापाशी. वाख जरा भिजलाय, पण सुटलेला नाही. चांगला गुंडाळलाय तुम्ही."

वाख चांगला गुंडाळलाय असं कुणीतरी म्हणालं, म्हणून कालिंदीला एकदम रडू आलं.

शेजारीच एक जुनं सूप वाळत होतं. कालिंदीनं ते ओळखलं. तिनं मान खाली घातली.

"पण आबा, रीत?" तिनं विचारलं.

"रीत काय आहे? एका घरात एकाच कामाच्या दोन वस्तू नकोत. नवी येईपर्यंत घरात तिसरी नको. बरोबर?"

"बरोबर."

"मग हे कुणाचं घर आहे?"

कालिंदीनं इकडे तिकडे पाहिलं. नदी होती, मुळं होती, ऊन होतं. घर कुठंच नव्हतं. तिनं ब्रश उचलला. जाड दांडा मुठीत बसला. तिनं सावकाश, दुखणार नाही अशा बेतानं, दाढेच्या मागची जागा घासली. वरची, खालची, आतून, बाहेरून. कुणी तिला घाई केली नाही. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. साळू नुसती म्हणाली, "फेस पुस गं, लांडग्याच्या घोंगडीवर सांडतोय."

त्या दिवसापासून कालिंदी रोज सकाळी वळणावर जाऊ लागली. ब्रश तिथंच मुळांत अडकवून घरी यायची. धोंडू विचारायचा, "आई, कुठं गेली होतीस?" ती म्हणायची, "फिरायला." धोंडूला बरं वाटायचं. ज्येष्ठांनी फिरावं असं डॉक्टरांनी सांगितलंच होतं.

चाराची फळं पिकून काळी पडायला लागली, तेव्हा पंचायत बसली. एका बाजूला विजेवाले, दुसऱ्या बाजूला हातवाले. दोघंही माघार घेईनात. सकाळची दुपार झाली, दुपारची संध्याकाळ झाली. शेवटी कुणाचंच मन दुखवायचं नाही, असं ठरलं आणि पंचायतीनं निकाल दिला.

कालिंदीबाईंसाठी विजेचाच ब्रश घ्यावा. पण तो हातानं चालवावा. कळ दाबू नये.

दोन्ही बाजूंनी जल्लोष झाला. विजेवाले म्हणाले, विजेचा ब्रश आला, आम्ही जिंकलो. हातवाले म्हणाले, हातानं चालवायचा, आम्ही जिंकलो. हुप्पेशेठ ब्रश बांधून द्यायच्या गडबडीत होते.

ब्रश वाजतगाजत घरी आला. मंजुळेनं ओवाळला. धोंडूनं तो आईच्या हातात ठेवला, लोकांनी पाहून घेतलं, आणि लगेच परत काढून घेतला.

"जड आहे, आई. पडला तर मोडेल. पंचायतीनं दिलाय. कोनाड्यात ठेवतो. आल्यागेल्याला दिसेल."

"मग मी घासायचं कशानं?"

"अगं, सवय होऊ दे ना आधी. रोज थोडा वेळ बघत जा त्याच्याकडे."

तेवढ्यात डॉक्टर ठकठके तपासायला आले. त्यांनी कालिंदीचं तोंड उघडून आत डोकावलं. मग जरा मागे झाले. मग पुन्हा डोकावले.

"आश्चर्य आहे!" ते म्हणाले. "सूज उतरलीय. रक्त नाही. खालची दाढ चांगली घट्ट बसलीय. बघा, विजेच्या ब्रशाचा गुण! अजून तोंडात गेलाही नाही, तोवर ही प्रगती."

"हातानं चालवायचं ठरलं म्हणून," दारातून सुळेराव म्हणाले.

"निर्णयाचा गुण म्हणा दोघं," धोंडू हात जोडून म्हणाला. त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. "आई, तुला सांगू? तुझी दाढ जाते की काय, या भीतीनं मला झोप नव्हती. तू फोडतेस ना ती चारोळी, तो आवाज आला नाही तर घर कसं वाटेल, हाच विचार यायचा."

कालिंदी त्याच्याकडे बघत राहिली. एवढं मोठं झालेलं पोर. तिला खूप काही सांगायचं होतं. तिनं तोंड उघडलं.

"बोलू नकोस," धोंडू म्हणाला. "आत्ताच तपासणी झालीय."

तिनं तोंड मिटलं. वरची दाढ खालच्या दाढेला बरोबर भेटली. मग कालिंदीनं कोनाड्याकडे पाहिलं आणि तिला ढोलीतला आवाज आठवला.

ती हसली. पुढे दात नव्हता, म्हणून ती हसतेय हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

"आई थकल्या," मंजुळा म्हणाली. "चला, सगळे बाहेर."

दुसऱ्या दिवशी सकाळी, घरातले उठायच्या आत, कालिंदी नवा ब्रश कोनाड्यातून काढून वळणावर घेऊन गेली, तो आबांच्या शेजारी उन्हात ठेवला, जुन्यानं इकडचे तिकडचे दात आणि नव्यानं कळ दाबून दाढेमागची जागा घासली, नवा पुसून परत कोनाड्यात ठेवला आणि दारात बसून एक चारोळी फोडली.

तात्पर्य: थोरामोठ्यांसाठी एखादी वस्तू निवडायची असेल, तर सर्वांनी एकत्र बसावं, जाणकारांना बोलवावं, मनसोक्त भांडावं, पण ज्यांच्यासाठी ती आणायची त्यांना मात्र चुकूनही विचारू नये. विचारलं तर ते उत्तर देतात. मग एवढ्या सभांचं आणि उरलेल्या चिक्कीचं करायचं काय?